चोवीस तास टिकणारा दात

परदेशातली एक मोटार कंपनी चोवीस तासांच्या शर्यतीत परत उतरणार की नाही, याची बातमी दर दोन-चार महिन्यांनी कुठंतरी येतेच. कंपनी विचार करतेय. कंपनीनं नाही म्हटलेलं नाही. कंपनीचा कुणी मोठा साहेब प्रश्न ऐकून नुसता हसला. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, घरची स्कूटरसुद्धा मी पाय जमिनीला लावत लावत चालवते. तरी ही बातमी दिसली की मी कात्री शोधायला उठते. उठल्यावर आठवतं की कात्रण घ्यायला आता कारभारीनाना नाहीत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

कारभारी हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे. आमच्या नगरकडं या नावाची माणसं गावोगाव सापडतील, आणि त्यातल्या निम्म्यांना घरात कुणी विचारत नसेल. आमचे कारभारी दात घासायचे. म्हणजे गिअरचे दात. नगरला लागूनच नागापूर, तिथं आमचं पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप. भट्टीतून कडक होऊन आलेले गिअर आमच्याकडं यायचे, आणि आम्ही त्यांच्या दातांवरून फिरत्या दगडानं केसाहून बारीक थर काढून द्यायचा. ट्रॅक्टरचे, टेम्पोचे, मोटारसायकलचे. मी तिथं तपासणीला होते. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी. सगळे मला सालवे मॅडम म्हणायचे, तोंडावर. माघारी काय म्हणायचे ते मला माहीत आहे. नाना मात्र पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले.

माणूस ठेंगणा, हात तेवढे मोठे. कामावर आले की पांढरी टोपी मशीनच्या मुठीला अडकवायची आणि पहिला नग उतरेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मालक आले तरी नाही. हातमोजे कधी घातले नाहीत. नग उतरला की तो पुसून उजव्या हाताचा अंगठा एकेका दातावरून वरून खाली न्यायचे, डोळे मिटून. सुपरवायझर ओरडायचा की नाना, मापाला डायल आहे, तपासणीला मॅडम आहेत, तुम्ही कशाला गोंजारत बसता. नाना म्हणायचे, घाई हाय त्यानं दुसऱ्याकडं जावं. हे वाक्य त्यांनी मालकांनाही ऐकवलं होतं, आणि मालक खरंच दुसऱ्याकडं गेले होते आणि महिन्याभरात परत आले होते.

गाव शनिशिंगणापूर. तिथं घरांना दारं नसतात, बाहेरचे लोक येऊन चौकटींचे फोटो काढतात. त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे हे नानांना शेवटपर्यंत कळलं नाही. नगरला भाड्याची खोली घेतली, तिला बिचारीला दार होतं, तर ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि पडदा लावला. घरमालकीण कावायची. हत्यारांचं कपाट सताड उघडं. कुणीही यावं, पाना उचलावा, न्यावा. मी एकदा म्हटलं, नाना, एखादा परत नाही आणला तर? तर म्हणाले, नेला म्हंजी त्याला गरज असंल, गरज सरली की आनतोय. आणि आश्चर्य म्हणजे लोक आणून ठेवायचे. माझ्या कुलपातल्या कपाटातून मात्र दोन मायक्रोमीटर गेले ते गेलेच.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती भांडणातून. मी नवी होते, डिप्लोमा झालेली, नाक वर. नानांचा एक लॉट मी पास करून टेबलावर मांडला होता. ते आले आणि मधलाच एक नग उचलून चालू लागले. मी अडवलं. पास केलेला नग हलवायचा नाही, असं जरा चढ्या आवाजात सांगितलं. ते म्हणाले, ह्यो जळालाय. मी डायल लावून दाखवली, माप तंतोतंत. चकाकी बघा म्हटलं, आरसा. ते नुसते उभे राहिले. शेवटी माझाच संताप इतका झाला की मी तो नग ॲसिडमध्ये बुडवला, जळालेली जागा त्यात काळी पडते, म्हटलं होऊन जाऊ दे. दाताच्या बुडाशी काळा डाग उठला, अंगठ्याच्या नखाएवढा.

तिथं मला ही गोष्ट कळली. घासताना दगड जरा जोरात टेकला की दात क्षणभर तापतो, आणि त्या जागचं पोलाद आतून मऊ पडतं. वरून काही दिसत नाही. टेम्पोत असा दात वर्षानुवर्षं चालेल. नाना म्हणाले, "ताई, गिअर एकदा डब्यात बसला की त्याला भाईर येता येत न्हाई. आत आंधारात त्याला एकट्याला सोसायचं आसतंय. मंग आपन त्याला जळका का धाडायचा?"

मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

शर्यतीचं काम आमच्याकडं आलं ते या अंगठ्यामुळं. पुण्याची एक कंपनी बाहेरदेशी गिअर पाठवायची. तिथून एक साहेब आले, चार वर्कशॉपं फिरून आले होते, नानांचे नग घेऊन गेले आणि मग दर दोन महिन्यांनी एक छोटी लाकडी पेटी येऊ लागली. नग थोडे, पण एकेकाला नाना दीड-दोन दिवस घ्यायचे. कुठं जातात हे नंतर कळलं. चोवीस तासांची शर्यत. एकच गाडी, आळीपाळीनं तीन ड्रायव्हर, थांबायचं ते पेट्रोल आणि टायरपुरतं. नाना त्या शर्यतीला 'चोवीस तासाची' म्हणायचे, जशी एखादी परीक्षा असावी.

आमच्या घरच्या टीव्हीवर ती दिसायची. एका रविवारी आम्ही चर्चमधून परत आलो तर नाना पायरीवर बसलेले, कांद्याची पिशवी मांडीवर घेऊन. आत या म्हटलं तर चपला काढून टीव्हीपासून हातभर अंतरावर जमिनीवरच बसले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. सासूबाईंनी विचारलं, कोण हो हे? नानांनी पडद्याकडं बोट केलं आणि सांगितलं, ही निळी गाडी हाय न्हाई का, तिच्या पोटात माझं काम हाय. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, अहो, पण ही जाते कुठं? मघापासून तिथंच तर येतेय. नाना इतके हसले की डोळे पुसायला टोपी काढावी लागली. म्हणाले, मावशी, आपन तरी कुठं जातोय?

निळी गाडी सातवी की आठवी आली. मी हळहळले. नानांना नंबराचं काही नव्हतं. ते डोळे मिटून आवाज ऐकत होते, गिअर बदलला की बोट हलवायचे. शर्यत संपली तेव्हा म्हणाले, टिकला. आणि माझ्या सासूबाईंच्या पाया पडून गेले, का ते मला आजही माहीत नाही.

मग निळ्या गाडीची ती परदेशी कंपनी शर्यतीतून बाहेर पडली. का पडली ते आम्हाला कोण सांगणार. पेट्या यायच्या थांबल्या, एवढंच. आम्ही परत ट्रॅक्टर, टेम्पो. शर्यतीचे दात ज्या मशीनवर घासले जायचे ते मशीन रिकामं पडलं. लोक त्यावर डबे ठेवायला लागले, नाना उचलून खाली ठेवायचे. साठ पूर्ण झाल्यावर ते गावी गेले, तरी महिन्यातून एकदा एसटीनं यायचे, मशीनला तेल देऊन, पुसून, तासाभरात परत. मालक दोनदा ते भंगारात काढायला निघाले. दुसऱ्या वेळी नाना मशीनच्या पुढ्यात जाऊन बसले आणि उठेनात. मालक चिडून म्हणाले, नाना, ते लोक परत येणार नाहीत. नाना म्हणाले, आले तर? मशीन राहिलं.

आणि एक दिवस पेपरात ती बातमी आली. कंपनी परत उतरणार का? शेवटी प्रश्नचिन्ह. मी सहज कापून ठेवली आणि नाना तेल द्यायला आले तेव्हा दिली. त्यांनी ती तीनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि त्या दिवशी तेल द्यायचंच विसरले. पुढं मला तो नादच लागला. नवी बातमी आली की कापायची. कधी वाटायचं, मी या माणसाला उगाच झुलवत ठेवतेय की काय. पण महिन्याच्या ठरल्या दिवशी ते शेडच्या तोंडाशी दिसायचे, आणि नमस्कारही न करता विचारायचे, काय म्हनत्यात?

मग खरंच पुण्याहून फोन आला. कंपनी ठरवतेय, अजून नक्की नाही, पण चाचणीची गाडी बांधतायत. तीन वर्कशॉपांना बारा-बारा नग द्यायचे होते. ज्याचे उत्तम येतील त्याला पुढचं काम, कंपनी उतरली तर. मालकांनी नानांना बोलावून घेतलं. नाना दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर. दाढी केलेली, नवीन टोपी. त्यांना तसं बघून मला फार बरं वाटलं. अर्धा दिवसच टिकलं ते.

दुपारी एक ट्रॅक्टरचा गिअर सहज हात साफ करायला म्हणून त्यांनी लावला होता. घासताना नग थंड ठेवायला वरून सोडलेलं पाणी बंद पडलं आणि नग तापला, चांगला चटका बसेल इतका. नानांनी तो उजव्या हातानं उचलला, अंगठा दातावर ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. कातडी भाजल्याचा वास आला. मी ओढून तो नग खाली पाडला. अंगठ्यावर हा एवढा फोड. नाना फोडाकडं बघत होते, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात आहे.

शुगर होती. मला माहीत होतं, चहा बिनसाखरेचा घ्यायचे. पण बोटं गेली आहेत हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. उजवा हात पुरता बधिर, डावा निम्मा. मी म्हटलं, नाना, मालकांना सांगायला पाहिजे. त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरू शकत नाही. तोपर्यंत या माणसाला मी कधी काही मागताना बघितलं नव्हतं.

"ताई, ह्या बारा नगांपुरतं," ते म्हणाले. "पुन्यांदा मी काय मागत न्हाई. डाक्टर म्हनला अजून वाढंल. ह्यावेळी न्हाई झालं तर मंग न्हाईच."

मी तपासणीची बाई. बारीक खोट दिसली तरी कागदावर लिहायची, हा माझा आयुष्यभराचा धंदा. ही खोट मी लिहिली नाही. बरोबर केलं का चूक, देव जाणे. पुन्हा तोच दिवस आला तरी मी लिहिणार नाही.

आणि बारा नग त्यांनी केले कसे? ओठांनी. नग पुसायचा, थंड होऊ द्यायचा आणि खालचा ओठ एकेका दातावरून सावकाश न्यायचा. ओठ अजून जागा होता. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भलतंच काही बघितल्यासारखं झालं आणि मी मागं फिरले. ओठ चिरायचा. संध्याकाळी त्यावर खोबरेल तेल लावून एसटीला जायचे. चार नग त्यांनी स्वतःच बाद केले, त्यांच्या बदली पुण्याहून दुसरे मागवायला लावले. मालक वैतागले, नाना म्हणाले, घाई हाय त्यानं दुसऱ्याकडं जावं. पण या वेळी म्हणताना आवाज खाली होता, कारण खरंच दुसऱ्याकडं गेले असते तर नानांना जायला जागा नव्हती.

कामाला एक अट होती. गाडी अजून गुपित, म्हणून काम बंद खोलीत. दाराला कुलूप, मोबाईल बाहेर, चावी एकाच जबाबदार माणसाकडं. मशीनभोवती प्लायवूडच्या भिंती उभ्या राहिल्या, दार बसलं. मला वाटलं आता नाना अडणार. ज्यानं भाड्याच्या खोलीचं दार भिंतीला टेकवून ठेवलं तो माणूस कुलपात काम करणार? पण नानांनी चावी निमूट घेतली. म्हणाले, चालंल. त्या एका शब्दावरून मला कळलं की हा माणूस आता कशालाही तयार आहे. मला ते आवडलं नाही. त्यांनी जरा भांडायला हवं होतं असं वाटलं.

जेवायला निघताना ते कुलूप लावायचे, ओढून बघायचे, आणि चावी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचे. रोज. सगळ्या शेडच्या डोळ्यांदेखत. आणि कमाल बघा, आम्हा पंधरा-वीस माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही रोज तिथून जात होते. नानांची चावी खिळ्यालाच असणार, दुसरीकडं कुठं असणार? त्यांचं कपाट उघडं, डबा उघडा, तशी चावी. आमच्या नजरेला सवय झाली होती.

बारावा नग संपला त्या दिवशी मी सगळे तपासले. सगळे. डायल, ॲसिड, काही शिल्लक ठेवलं नाही. माझ्या नोकरीत मी इतके स्वच्छ नग बघितले नव्हते. नानांना सांगितलं तेव्हा ते मशीनला टेकून खाली बसले आणि पाणी मागितलं.

तीन दिवसांनी पुण्याचे साहेब आणि त्यांच्याबरोबर बाहेरदेशचा एक माणूस पाहणीला आले. कळवलेल्या वेळेच्या आधी आले, जेवणाच्या सुट्टीत. आम्ही डबे खात होतो. ते थेट त्या खोलीपाशी गेले. कुलूप बघून समाधान झालं असावं, मान हलवली. मग त्या परदेशी माणसाची नजर शेजारी गेली. त्यानं खिळ्यावरची चावी काढली, कुलूप उघडलं, आत गेला. पेटीतला एक नग घेऊन बाहेर आला आणि तो हातात धरून उभा राहिला. कुणी त्याला अडवलं नव्हतं. शेडमध्ये कुणीतरी हसलं, अजून समजलं नव्हतं म्हणून. पुण्याच्या साहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

साहेबांनी नानांना विचारलं, चावी इथं कुणी ठेवली? मी, नाना म्हणाले. का? मालकांनी मध्ये पडून सांगितलं की हे शिंगणापूरचे, त्यांच्याकडं कुलपाची पद्धत नाही. साहेबांनी नानांकडं बघून विचारलं, असं आहे का? नानांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. आमच्याकडं आसंच आसतंय."

परदेशी माणसाला ते समजावून सांगण्यात आलं. तो बिचारा आदरानं हसला सुद्धा. वहीत लिहून घेतलं आणि गेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी नानांना धरलं. खरंच इतका राग आला होता मला. म्हटलं, आयुष्यभराची वाट बघून झाली आणि शेवटी गावाच्या पद्धतीसाठी घालवलंत? गळ्यात दोरीला बांधायची होती. मला द्यायची होती. नानांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, बराच वेळ आत हलवला, आणि मूठ बाहेर काढून उघडली. आत दोन नाणी आणि एक सुपारी. म्हणाले, "खिशात चावी कंची, नानं कंचं, कळत न्हाई ताई. दोनदा पडली तर तासभर हुडकली. खिळ्याला दिसती तरी. बोटांचं सांगितलं आसतं तर नग बी गेलं आसतं. म्हनून गावाचं नाव घेतलं."

माझा राग कुठं गेला कळलंच नाही. राहिलं ते एवढंच की ती चावी मी रोज बघत होते आणि बोटांचंही मला एकटीला माहीत होतं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला मला कुणी अडवलं होतं? खोट काढायचा पगार घेणारी बाई मी.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. तिन्ही वर्कशॉपांत आमचे नग सर्वांत सरस ठरले, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याखाली, गुप्ततेच्या अटींमुळं काम देता येत नाही. मालकांनी ते पत्र नानांना वाचून दाखवायला मला सांगितलं, स्वतः ऑफिसात जाऊन बसले. मी वाचलं. नानांनी पहिली ओळ परत वाचायला लावली. दुसरी नाही. मग त्यांनी मशीन पुसलं, तेल दिलं, टोपी घातली. प्लायवूडच्या खोलीचं दार तेव्हा उघडंच होतं. कुलूप लावायचं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर ते यायचे थांबले. बातम्या मात्र येत राहिल्या. चाचणीची गाडी धावली. निर्णय लांबणीवर. मी कापत राहिले, पण द्यायचं धाडस होईना. एक दिवस त्यांचाच फोन आला, शेजाऱ्याच्या मोबाईलवरून. मला वाटलं प्रकृतीचं काही असेल. तर ते विचारत होते, आपलं काम कुनाकडं गेलं? मी म्हटलं, नाही माहीत नाना, तेही गुपितच. मग म्हणाले, लिहून घ्या.

आणि सांगायला लागले. त्या गिअरला पाणी वरून सोडायचं असं ड्रॉइंगवर आहे. वरून सोडलं तर दाताच्या बुडाला ते पोचत नाही आणि नेमका तिथंच तो जळतो. चार नग त्यांनी बाद केले ते त्यामुळंच. नळी खालून तिरपी लावायची, आणि शेवटचे दोन हात दगड न दाबता, ठिणगी दिसेनाशी होईपर्यंत नुसते फिरवायचे. डायलवर हे कळणार नाही, ॲसिडला सुद्धा कधी कधी चुकतं. कुणीतरी वरून पाणी सोडून घासत असंल ताई, म्हणाले. माप बरोबर येत असंल, त्याला वाटत असंल झालं. गाडी एकोणीस-वीस तास पळंल आणि बसंल. त्याला कळवा.

ही युक्ती त्यांनी आम्हालाही सांगितली नव्हती, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. आणि आता ज्यांनी त्यांना बाहेर काढलं त्यांना ती फुकट द्यायला हा माणूस अक्षरशः गयावया करत होता. मी नीट लिहून काढलं, आकृती काढली, पुण्याच्या साहेबांना ईमेल केला. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. बाहेरच्या व्यक्तींकडून तांत्रिक सूचना स्वीकारल्या जात नाहीत. या भागासंबंधी आपल्याकडं काही माहिती असल्यास ती नष्ट करावी. मी फोन लावला, तो उचलला गेला नाही. परत लावला. मग त्यांनी माझा नंबर बंद करून टाकला असावा.

नानांचे फोन मात्र येत राहिले. कळवलं का? कळवलं नाना. काय म्हनले? अजून उत्तर नाही. चार-पाच वेळा मी अशी टोलवाटोलवी केली.

शेवटचे भेटले ते घोडेगावच्या फाट्यावर. मी नेवाशाला लग्नाला निघाले होते. एसटी तिथं दहा मिनिटं थांबते, म्हणून आधी फोन करून ठेवला होता. गाडी शिरली तर ते उन्हातच उभे, नातवाच्या खांद्याला धरून. फार वाळले होते. डाव्या पायाला पट्टी. मला उतरू दिलं नाही, खिडकीशी आले. हात वर करून गज धरला, पण धरला की नाही हे त्यांना कळत नव्हतं, ते परत परत वर बघून खात्री करत होते.

विचारलं, आलं का उत्तर?

माझ्या पर्समध्ये त्या दोन ओळी छापलेल्या होत्या. खरं सांगायचं असं ठरवूनच मी आले होते.

"आलं," मी म्हटलं. "नळी खालून लावली त्यांनी. आभार मानलेत तुमचे."

नानांनी डोळे मिटले. ओठ हलला. कंडक्टरनं घंटी मारली तसे भानावर आले आणि गाडीबरोबर चालायला लागले, लंगडत, नातू मागं ओढत असताना.

"ताई, जो कोन घासतोय न्हाई का," ते खालून म्हणाले, "त्याला एवढं कळवा. म्हनावं, बोटं जप."

कळवते म्हटलं मी. गाडी रस्त्याला लागली.